परदेशी ग्राहकाचं काम पुण्यातून: पहिल्या इन्व्हॉइसपासून रिफंडपर्यंत

१९९०-९१ मध्ये देशातली पहिली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क केंद्रं उभी राहिली, त्यांत बंगळूर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. कंपन्यांना त्या केंद्रातून उपग्रहाची डेटा लिंक मिळायची आणि निर्यातीच्या नफ्यावर प्राप्तिकर माफ असायचा. लिंक आता घरोघर आहे. करमाफी ३१ मार्च २०११ ला संपली. बाणेरच्या तीन खोल्यांत बसून जर्मनीतल्या किंवा अमेरिकेतल्या ग्राहकाचं काम करणाऱ्या दहा माणसांच्या कंपनीला कायद्याने मिळणारा मोठा फायदा आज एकच उरला आहे: निर्यातीवर जीएसटी शून्य आणि खरेदीवर भरलेला जीएसटी परत.

हा फायदा पुराव्यावर मिळतो. काम झालं याला फारसं कुणी विचारत नाही. पैसे परदेशातून आले, वेळेत आले आणि त्याच कामाचे आले, हे दाखवावं लागतं. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळं खातं असतं. लहान कंपनीत हे संस्थापकाच्याच डोक्यावर असतं, आणि तिथे पैसे अडकतात ते एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरायचा राहिला, बँकेने भलताच पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा क्रमांक) टाकला, करारात एक वाक्य नव्हतं, असल्या कारणांनी. अडकलेला दोन लाखांचा रिफंड म्हणजे कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला पाच-सहा महिने देता न आलेला पगार. शहरात नोकऱ्या वाढतात त्या अशा कंपन्या दहाच्या पंधरा झाल्या की. म्हणून हे काम सीएवर सोपवलं तरी स्वतःला समजलेलं असावं.

आधी कंपनीचं रूप

एकटे असाल आणि वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असेल, तर प्रोप्रायटरशिप पुरते. जुन्या प्राप्तिकर कायद्यात ४४एडीए म्हणून ओळखली जाणारी अनुमानित उत्पन्नाची सोय माहिती तंत्रज्ञानाच्या व्यावसायिकांना लागू होते: जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची आणि त्यावर कर भरायचा. ५० लाखांवर ७५ लाखांपर्यंत जायचं तर रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असावी लागते. परदेशी पैसे बँकेतूनच येत असल्याने ही अट सहज पाळली जाते. ही सोय एलएलपीला आणि कंपनीला नाही.

दोघे-तिघे असाल तर एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड. एलएलपीला ऑडिट लागतं ते उलाढाल ४० लाखांवर किंवा भागीदारांचं भांडवल २५ लाखांवर गेलं की. प्रायव्हेट लिमिटेडला पहिल्या वर्षापासून. त्याबदल्यात कंपनीला सवलतीच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून, सुमारे २५.१७ टक्के कर पडतो. परदेशातल्या मोठ्या ग्राहकांचं खरेदी खातं व्हेंडर म्हणून नोंद करताना कंपनीच पसंत करतं. पुढे गुंतवणूक घ्यायचा विचार असेल तर सुरुवातीलाच प्रायव्हेट लिमिटेड करा, मागाहून रूपांतराचा खर्च आणि वेळ दोन्ही जातात.

ऑफिस भाड्याने घेताना लीव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे, शिवाय जीएसटी नोंदणीला हाच करार, महावितरणचं बिल आणि मालकाचं संमतिपत्र लागतं. पत्त्यावर अधिकारी पाहणीला येऊ शकतो. कंपनीच्या नावाची पाटी दारावर हवी, आणि को-वर्किंगची जागा असेल तर तुमचं नाव रिसेप्शनवर विचारल्यावर सांगता यायला हवं. नुसता टपालापुरता घेतलेला पत्ता इथे अडचणीत आणतो.

दर काढण्याचं गणित

सगळ्यात महागात पडणारी चूक कागदांच्याही आधी होते. पगार भागिले कामाचे तास असा सोपा भागाकार करून दर सांगितला जातो आणि सहा महिन्यांनी खात्यात काही उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका डेव्हलपरवर वर्षाला १२ लाख खर्च होतात. ऑफिस, लॅपटॉप, लायसन्स, आरोग्य विमा, हिशेब आणि बिल न होणाऱ्या माणसांचे पगार यांचा त्याच्या वाट्याचा भार ४० टक्के धरा, म्हणजे ४.८ लाख. एकूण १६.८ लाख. आता तास. वर्षात शनिवार-रविवार वगळून साधारण २६१ दिवस. १० सुट्ट्या आणि २१ रजा गेल्या की २३० दिवस उरतात, आठ तासांनी १,८४०. यातले सगळे तास ग्राहकाच्या बिलावर जात नाहीत: दोन प्रोजेक्टमधला रिकामा काळ, नव्या कामाचे अंदाज, मुलाखती, शिकणं. ७५ टक्के बिल झाले तर १,३८० तास. १६.८ लाखांना १,३८० ने भागलं की तासाला सुमारे १,२१७ रुपये, आणि हा नुसता खर्च आहे. किमतीवर २५ टक्के नफा हवा तर १,२१७ भागिले ०.७५, म्हणजे १,६२३ रुपये. डॉलरला ८५ रुपये धरले तर १९ डॉलर.

तेच गणित वर्षाचे २,०८० तास धरून केलं तर उत्तर साडेबारा डॉलरच्या आसपास येतं. त्या दराने काम घेतलं तर नफा दूरच, दर तासाला दीडशेच्या आसपास रुपये घरातून घालावे लागतात कारण बाकीचे तास कुणीच विकत घेतलेले नसतात. हा तक्ता शीटमध्ये मांडा आणि दर तिमाहीला प्रत्यक्ष बिल झालेले तास त्यात भरा. ७५ टक्के हा अंदाज आहे. तुमचा आकडा ६० निघाला तर त्या घसरणीचं कारण दर वाढवण्याआधी शोधा.

दर वाढवायचा खरा मार्ग म्हणजे ज्या कामात पुण्याची माणसं आधीच मुरलेली आहेत ते काम. या शहरात वाहन उद्योग आधी आला. वाहनं तपासणारी संशोधन संस्था एआरएआय १९६६ पासून इथे आहे, चाकणला वाहनांचे कारखाने आहेत, आणि कॅन बस, ऑटोसार, आयएसओ २६२६२ ही वाहनांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मानकांची नावं इथल्या इंजिनिअरांच्या रोजच्या बोलण्यात असतात. सी-डॅक ही सरकारी संगणन संशोधन संस्था १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच तयार झाला. त्या पिढीतून समांतर संगणनाचं ज्ञान शहरात रुजलं. नुसतं वेबसाइट करणाऱ्याला जगभरातून स्पर्धा असते. ब्रेक कंट्रोलरचं सॉफ्टवेअर सुरक्षेच्या निकषांवर तपासून देणारी माणसं मोजकी आहेत आणि ग्राहक त्यांच्याशी दरावरून कमी घासाघीस करतो. तासांऐवजी ठरावीक कामाची ठरावीक किंमत सांगणं अशाच कामात परवडतं, कारण किती वेळ लागेल हे अनुभवाने माहीत असतं.

करार: मुख्य चार गोष्टी

दोन कागद करा. एक कायमचा मुख्य करार, दुसरा प्रत्येक कामाचा तपशील: काय द्यायचं, केव्हा, कोणत्या कसोटीवर ते स्वीकारलं असं धरायचं, आणि किती पैसे. स्वीकृतीची कसोटी लिहिली नाही तर ग्राहक शेवटचा हप्ता अनिश्चित काळ थांबवू शकतो. "दिल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर स्वीकृत" हे वाक्य असायलाच हवं.

कोडची मालकी पूर्ण पैसे मिळाल्यावर ग्राहकाकडे जाईल, असं लिहा. ग्राहकाच्या वकिलाच्या मसुद्यात ती कोड लिहिताक्षणी त्याची होते असं असतं. हा बदल मागितला तर बहुतेक ग्राहक मान्य करतात. मागितलाच नाही तर आपण होऊन कुणी देत नाही.

तिसरी गोष्ट पुण्यात फार कंपन्यांना नडते, कारण इथे फ्रीलान्सर घेऊन काम करण्याची पद्धत मोठी आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा असतो, पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच राहतो. ते हस्तांतरण लिहिताना मुदत लिहिली नाही तर ते फक्त ५ वर्षांचं धरलं जातं. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. आणि हक्क मिळालेल्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर ते हस्तांतरण संपतं, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. कलम १९ ची ही तीन पोटकलमं आहेत. तुम्ही अमेरिकेतल्या ग्राहकाला "सगळे हक्क, जगभर, कायमचे" असं वचन देता आणि तुमच्या हातात फ्रीलान्सरकडून आलेले हक्क ५ वर्षांचे आणि भारतापुरते असतात. ग्राहक आपली कंपनी विकायला काढतो तेव्हा खरेदीदाराचे वकील नेमकं हेच तपासतात. प्रत्येक फ्रीलान्सरकडून पहिल्या दिवशीच "कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, संपूर्ण जगासाठी, वापर न केल्याने रद्द न होणारं" असं हस्तांतरण सही करून घ्या.

चौथी: पैसे थकले तर काम थांबवण्याचा हक्क. भारतातल्या न्यायालयाचा निकाल अमेरिकेत थेट वसूल करता येत नाही, आणि अमेरिकेतला निकाल इथेही नाही. तो देश आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या परस्पर-मान्य देशांच्या यादीत नाही. लवादाचा निवाडा मात्र न्यूयॉर्क करारामुळे दोन्हीकडे चालतो. तरीही चार हजार डॉलरसाठी कुणी सिंगापूरला लवाद करत नाही. लहान कंपनीचं खरं संरक्षण म्हणजे सुरुवातीला २० ते ३० टक्के आगाऊ आणि थकबाकी १५ दिवसांवर गेली की हातातलं काम खाली ठेवणं.

अमेरिकन ग्राहकाचं हिशेब खातं पहिल्या पेमेंटआधी तुम्ही अमेरिकेबाहेरचे असल्याचं सांगणारा एक फॉर्म मागेल: व्यक्तीसाठी डब्ल्यू-८ बीईएन, कंपनीसाठी डब्ल्यू-८ बीईएन-ई. तो दिला नाही तर ३० टक्के कापून घेतले जाण्याचा धोका असतो. काम संपूर्णपणे भारतात झालं हे करारात आणि प्रत्येक इन्व्हॉइसवर लिहा, कारण अमेरिकेबाहेर केलेल्या सेवेचं उत्पन्न तिथलं धरलं जात नाही. सही केलेल्या वर्षानंतरची तीन कॅलेंडर वर्षं संपेपर्यंत फॉर्म चालतो.

पहिल्या इन्व्हॉइसआधी: एलयूटी

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. त्याआधीही नोंदणी घेणं फायद्याचं असतं, नाहीतर लॅपटॉप, भाडं, क्लाउड यांवर भरलेला कर परत मागता येत नाही. परदेशी कंपनीकडून सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन घेत असाल तर तिथे रिव्हर्स चार्जचा (विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरण्याचा) प्रश्न मर्यादेच्या आतही उभा राहतो.

नोंदणी झाली की लगेच पोर्टलवर फॉर्म आरएफडी-११ भरा. हाच एलयूटी. तो आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून दरवर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या वर्षाचा भरायचा. एप्रिलच्या पहिल्या इन्व्हॉइसवर जुन्या एलयूटीचा नंबर टाकणं ही नेहमीची चूक. एलयूटी नसेल तर १८ टक्के आयजीएसटी (परराज्यातल्या आणि परदेशी व्यवहारांवरचा जीएसटी) भरा आणि मग रिफंड मागा. ४ लाखांच्या इन्व्हॉइसवर ७२ हजार रुपये काही महिने सरकारकडे राहतात.

तुमचं काम निर्यात ठरायला पाच अटी आहेत: तुम्ही भारतात, ग्राहक भारताबाहेर, सेवेचं स्थान भारताबाहेर, पैसे परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या प्रकारे रुपयांत, आणि तुम्ही व ग्राहक एकाच संस्थेच्या दोन शाखा नाहीत. ग्राहक अमेरिकेतला पण पैसे त्याच्या मुंबईच्या उपकंपनीने रुपयांत दिले, तर चौथी अट मोडते. असं होतंय असं दिसलं की पेमेंट येण्याआधीच थांबवा.

वाहनांच्या किंवा चिपच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तिसरी अट जास्त बारकाईने पाहावी. ग्राहकाने तपासणीसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड पुण्यात पाठवला, तर "माल ताब्यात देऊन केलेली सेवा" म्हणून सेवेचं स्थान पुणंच ठरवलं जाण्याची भीती असते आणि मग १८ टक्के लागतात. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रक क्रमांक ११८ ने इलेक्ट्रॉनिक डिझाइनच्या क्षेत्रासाठी खुलासा केला: सॉफ्टवेअर किंवा डिझाइन हीच मुख्य सेवा असेल आणि नमुना हार्डवेअरवरची चाचणी तिला पूरक असेल, तर सेवेचं स्थान ग्राहकाचा देश. म्हणून कामाच्या तपशिलात चाचणीची वेगळी किंमत लावू नका. एकच काम, एकच किंमत, चाचणी त्याचा भाग असं लिहा, आणि प्रत्यक्ष कामही तसंच असलं पाहिजे.

इन्व्हॉइसवर नेहमीच्या गोष्टींबरोबर ग्राहकाचा देश, एसएसी कोड (सेवेचा प्रकार सांगणारा), एलयूटीचा क्रमांक आणि "सप्लाय मेन्ट फॉर एक्सपोर्ट अंडर बाँड ऑर लेटर ऑफ अंडरटेकिंग विदाउट पेमेंट ऑफ इंटिग्रेटेड टॅक्स" हा ठराविक मजकूर इंग्रजीत हवा. डेव्हलपमेंटसाठी ९९८३१४, सल्ला आणि सपोर्टसाठी ९९८३१३. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रामध्ये हे इन्व्हॉइस तक्ता ६ए मध्ये, कर न भरता केलेली निर्यात म्हणून जातं. कर भरण्याच्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात ३.१(बी) मध्ये. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर रिफंडचा अर्ज तिथेच अडतो. उलाढाल कोणत्याही एका वर्षी ५ कोटींवर गेली असेल तर निर्यातीच्या इन्व्हॉइसलाही ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं इन्व्हॉइस) लागतं.

बँक

सगळ्या शाखा परकीय चलन हाताळत नाहीत. खातं उघडण्याआधी विचारा की फॉरेक्स डेस्क याच शाखेत आहे की फाइल दुसरीकडे जाते. दुसरीकडे जात असेल तर तिथल्या माणसाचा ईमेल घ्या.

पैसे आले की बँक पर्पज कोड विचारते. पी०८०२ म्हणजे सॉफ्टेक्समध्ये (सॉफ्टवेअर निर्यात नोंदवण्याचा फॉर्म) न मोडणारी सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणी. पी०८०७ म्हणजे इथे बसून केलेली सॉफ्टवेअर निर्यात. उत्तर दिलं नाही तर शाखेतला माणूस त्याला सुचेल तो कोड टाकतो, आणि व्यवसाय सल्ल्याचा कोड पडला तर रिफंड तपासणारा अधिकारी इन्व्हॉइसवरच्या एसएसीशी त्याचा मेळ लावू शकत नाही. आपला कोड, इन्व्हॉइस क्रमांकाचा रकाना आणि घोषणापत्राचा मजकूर असलेलं एक पत्र कंपनीच्या लेटरहेडवर तयार ठेवा. प्रत्येक पेमेंटला क्रमांक बदलून पाठवायचं.

डेटा लिंकवरून पाठवलेल्या सॉफ्टवेअरसाठी एसटीपीआयकडे (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क चालवणारी सरकारी संस्था) सॉफ्टेक्स भरायचा असतो. पुण्याचं केंद्र हिंजवडीत, राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. एसटीपी युनिट नसलेल्या कंपन्याही नोंदणी करून भरू शकतात. त्यासाठी आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) घ्या: डीजीएफटी या विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवर ५०० रुपयांत मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये काही बदल नसला तरी त्याची माहिती अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो निष्क्रिय होतो. महिन्याचे सगळे इन्व्हॉइस एका निवेदनात, शेवटच्या इन्व्हॉइसपासून ३० दिवसांत भरता येतात. सॉफ्टेक्स भरला की ती नोंद बँकेच्या निर्यात-देखरेख प्रणालीत उघडी राहते. आलेलं पेमेंट तिच्याशी जोडून ती बंद करायला बँकेला लेखी सांगावं लागतं. हे विसरलं की वर्षभराने बँक जुन्या इन्व्हॉइसची यादी पाठवून विचारते की पैसे कुठे आहेत, जे तिच्याच खात्यात आलेले असतात.

पेमेंटनंतर बँकेकडून एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याची बँकेची लेखी सूचना) मागा आणि त्यातलं पाठवणाऱ्याचं नाव करारातल्या ग्राहकाच्या नावाशी ताडून पाहा. ग्राहकाच्या समूहातल्या दुसऱ्या कंपनीने पैसे पाठवले असतील तर ग्राहकाकडून तसं एका ओळीचं पत्र त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी ते पत्र देणारा माणूस तिथे नसतो.

चलन बदलताना बँक जाहीर शुल्कापेक्षा दरातल्या फरकातून जास्त कमावते. पेमेंट आलं त्या वेळचा बाजारदर लिहून ठेवा, त्यातून बँकेने दिलेला दर वजा करा. १० हजार डॉलरवर ५० पैशांचा फरक म्हणजे ५ हजार रुपये. तीन महिन्यांचे हे आकडे घेऊन शाखेत गेलात तर दर सुधारून मिळतो. नुसतं "दर सुधारा" म्हणून मिळत नाही. रूपांतरावर जीएसटीही लागतो, १० लाख रुपयांवर ९९० रुपये. परदेशी सबस्क्रिप्शनचा खर्च असेल तर ईईएफसी खातं (निर्यातदाराचं परकीय चलनातलं खातं) उघडून तेवढे डॉलर तिथे ठेवा. त्यावर व्याज मिळत नाही आणि वापरले नाहीत तर पुढच्या महिन्याच्या अखेरीस रुपयांत बदलावे लागतात, पण दोनदा चलन बदलण्याचा खर्च वाचतो.

रिफंड

सूत्र सरळ आहे: निर्यातीची उलाढाल गुणिले क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी), भागिले एकूण उलाढाल. समजा एका तिमाहीत निर्यात ६० लाख, देशातलं काम २० लाख, आणि क्रेडिट १ लाख ६० हजार. ६० भागिले ८० गुणिले १,६०,००० म्हणजे १ लाख २० हजारांचा रिफंड.

यात दोन खाचा आहेत. पहिली, सेवांसाठी निर्यातीची उलाढाल म्हणजे त्या काळात मिळालेलं पेमेंट (आगाऊ रकमांची बेरीज-वजाबाकी करून), दिलेले इन्व्हॉइस नव्हेत. तिमाहीत ६० लाखांची बिलं दिली आणि ३५ लाखच आले, तर सूत्रात ३५ जातात. इन्व्हॉइसची बेरीज भरणाऱ्यांचे अर्ज याच कारणाने परत येतात. दुसरी, या सूत्रातल्या क्रेडिटमध्ये भांडवली वस्तू धरत नाहीत. हिशेबाच्या वहीत लॅपटॉप मालमत्ता म्हणून दाखवला की त्यावरचा १८ टक्के कर रिफंडमध्ये येत नाही, एलयूटीवर निर्यात करत असाल तर तो जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमध्ये राहतो आणि देशातल्या कामावरच्या करापोटीच वापरावा लागतो. ज्यांचं सगळं काम निर्यातीचं आहे त्यांच्याकडे तो वर्षानुवर्षं पडून असतो. दहा लॅपटॉप विकत घेण्याऐवजी भाड्याने घेतले तर भाड्यावरचा कर सेवेवरचा म्हणून सूत्रात येतो. खरेदीआधी दोन्हींचा हिशेब मांडून पाहा.

ऑफिसच्या भाड्याचंही असंच. जागेचा मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने भरायचा आहे. ६० हजारांवर १०,८०० रुपये, क्रेडिटमधून नव्हे तर रोख लेजरमधून. त्याच महिन्यात त्याचं क्रेडिट मिळतं आणि पुढे रिफंडमध्ये येतं. पण सुरुवातीचे काही महिने ही रोकड हाताशी लागते. अंदाजपत्रकात ती धरा.

अर्ज आरएफडी-०१ मध्ये, दोन वर्षांच्या आत. काम आधी आणि पैसे नंतर आले असतील तर दोन वर्षं पैसे आल्यापासून मोजतात. इन्व्हॉइस आणि त्यासमोर एफआयआरए यांचं निवेदन जोडायचं. १५ दिवसांत एकतर पोच येते किंवा त्रुटीचा आरएफडी-०३. त्रुटी आली तर नवा अर्ज करावा लागतो, जुनाच दुरुस्त होत नाही. म्हणून तिमाहीला अर्ज करा. वर्षाचा एकदम केला तर एका इन्व्हॉइसच्या चुकीने वर्षाचे पैसे थांबतात. पूर्ण अर्जावर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, त्यापुढे ६ टक्के व्याज.

माणसं वाढली की

कंपनीचा स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये आणि पगारातून कापायचा वेगळा, दोन नोंदण्या. पगार महिन्याला १० हजारांवर असेल तर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५ हजारांपर्यंत माफ. २० माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमुळे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवून चालत नाही. ऑफर लेटरचा जुना नमुना वापरत असाल तर आधी तो बदला. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे, देशातल्या ग्राहकाकडून ४५ दिवसांत पैसे मागण्याचा हक्क तिच्यामुळे येतो. परदेशी ग्राहकावर मात्र तो कायदा चालत नाही.

पैसे आलेच नाहीत तर

दोन घड्याळं एकाच वेळी चालू असतात. परकीय चलन कायद्याखाली पैसे आणण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये ९ वरून १५ महिने झाली. जीएसटीत सेवेसाठी इन्व्हॉइसपासून एक वर्ष किंवा परकीय चलन कायद्याची मुदत, यांतली जी नंतर संपते ती. त्या मुदतीत पैसे आले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत त्या इन्व्हॉइसवरचा आयजीएसटी १८ टक्के व्याजासह भरावा लागतो, किंवा आयुक्तांकडून मुदत वाढवून घ्यावी लागते. म्हणून इन्व्हॉइसच्या नोंदवहीत दहावा महिना लाल करून ठेवा. त्या महिन्यात ग्राहकाशी शेवटची बोलणी करा, हप्ते पाडून द्या, आणि काहीच होत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज ग्राहकाशी झालेल्या ईमेलच्या प्रतींसह मुदत संपण्याआधी द्या. नव्या देशातला किंवा नवा ग्राहक असेल आणि रक्कम मोठी असेल, तर काम घेतानाच ईसीजीसी या निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीकडे सेवा निर्यातीच्या विम्याची चौकशी करा. हा विमा इन्व्हॉइस थकल्यावर मिळत नाही.